‘थांबा’ ही आज्ञा कोणाला? : बहुप्रक्रिया आज्ञावलींतील कळफलक-व्यत्यय

१. प्रश्नाचे स्वरूप

संगणकावर चालू असलेले काम मध्येच थांबवावयाचे असल्यास बहुतेक अभ्यासक कंट्रोल आणि सी या दोन कळा एकत्र दाबतात. ही कृती इतकी अंगवळणी पडलेली आहे की, तिच्यामागे विचार करण्याजोगे काही आहे असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. आज्ञावलीची एकच प्रक्रिया चालू असेल, तर तसा विचार करण्याचे फारसे कारणही नसते. कळा दाबताच ती प्रक्रिया संपते आणि टर्मिनल पुढील आज्ञेसाठी मोकळे होते. परंतु मोठे काम आज एकाच प्रक्रियेवर सोपविण्याची पद्धत मागे पडली आहे. एका संगणकात आठ, सोळा किंवा त्याहून अधिक कोअर असतात. ते सर्व उपयोगात यावेत म्हणून मुख्य प्रक्रिया अनेक दुय्यम प्रक्रिया निर्माण करते आणि कामाचे भाग त्यांना वाटून देते. मुख्य प्रक्रियेला ‘जनक’ व दुय्यम प्रक्रियांना ‘अपत्ये’ म्हणण्याचा प्रघात आहे. अशा रचनेच्या आज्ञावलीला प्रस्तुत लेखात ‘बहुप्रक्रिया आज्ञावली’ असे म्हटले आहे.

समजा, मराठी मजकुराच्या एका विस्तृत संग्रहातील शब्दरूपांची वारंवारता मोजण्याचे काम आठ अपत्यांना वाटून दिले आहे. पाच तासांनंतर अभ्यासकाने कंट्रोल-सी दाबले. यानंतर काय घडेल, हे आज्ञावलीच्या रचनेवर अवलंबून असते. कधी एकाच चुकीचे आठ-नऊ संदेश एकमेकांत मिसळून पडद्यावर येतात. कधी आज्ञावली संपतही नाही आणि पुढेही जात नाही. कधी जनक नाहीशी होते, पण अपत्ये मागे राहून संगणकाची शक्ती खात बसतात. या तिन्ही आपत्ती निदान डोळ्यांना दिसतात. चौथी मात्र दिसत नाही. व्यत्यय येताच जनक तोपर्यंत जमलेल्या बेरजा फाइलीत लिहिते आणि शांतपणे संपते. फाइल नेहमीच्या नावाची व नेहमीच्या रचनेची असते. तिच्यात तीन अपत्यांचा वाटा आलेलाच नाही, हे तिच्याकडे पाहून कळत नाही. महिन्याभराने त्याच यादीच्या आधारे एखाद्या प्रत्ययाच्या वापराविषयी निष्कर्ष काढला, तर तो निष्कर्ष अपुऱ्या सामग्रीवर उभा राहतो आणि त्याची कोणालाही जाणीव नसते. म्हणूनच हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांचा नसून, संगणकाकडून आकडे घेणाऱ्या प्रत्येक संशोधकाचा आहे.

या सर्व घोटाळ्यांचे मूळ एका साध्या गोष्टीत सापडते. मराठीत ‘थांब’ हे आज्ञार्थी रूप एकवचनी आहे. ‘थांबा’ हे रूप मात्र अनेकवचनीही आहे आणि आदरार्थी एकवचनीही. ते एका व्यक्तीला उद्देशून आहे की समुदायाला, हे रूपावरून ठरत नाही. ते प्रसंगावरून ठरवावे लागते. कंट्रोल-सीची स्थिती नेमकी अशीच आहे. कळा दाबणारा मनुष्य ‘माझ्या आज्ञावलीला’, म्हणजे एकाच श्रोत्याला, उद्देशून बोलत असतो. कार्यप्रणाली मात्र ती आज्ञा अनेकवचनी समजते आणि संपूर्ण समुदायाला ऐकवते. हा संबोधनातील फरक आज्ञावलीच्या लेखकाने ओळखला नाही, तर वरील चारांपैकी एखादी आपत्ती ठरलेलीच असते.

२. कळ दाबल्यापासून संकेतापर्यंत

प्रथम परिभाषेविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. ‘व्यत्यय’ हा शब्द संगणकशास्त्रात दोन अर्थांनी वापरला जातो. कोणतीही कळ दाबली असता कळफलकाकडून आलेल्या विद्युत्-सूचनेमुळे प्रोसेसर हातातील काम क्षणभर बाजूला ठेवतो. हा यंत्राच्या पातळीवरील व्यत्यय होय. प्रस्तुत विषय तो नव्हे. येथे अभिप्रेत असलेला कळफलक-व्यत्यय म्हणजे चालू आज्ञावलीला थांबविण्यासाठी कार्यप्रणालीने दिलेली सूचना.

१९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आस्की या वर्णसंकेतमालेत मोठ्या सी या अक्षराचा क्रमांक ६७ आहे. कंट्रोल ही कळ सोबत दाबली असता त्यातून ६४ वजा होतात आणि क्रमांक ३ उरतो. या तिसऱ्या स्थानाला त्या मालेच्या नंतरच्या आवृत्तीत ‘मजकुराचा शेवट’ असा अर्थ देण्यात आला. काम थांबविण्याची सूचना म्हणून कंट्रोल-सीचा वापर डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या यंत्रांवर रूढ होता. युनिक्सच्या आरंभीच्या आवृत्त्यांत मात्र त्यासाठी ‘डिलीट’ हे वर्ण वापरले जाई. तात्पर्य, वर्ण आणि आज्ञा यांचा संबंध संकेताने ठरलेला आहे, स्वभावसिद्ध नाही. आजही युनिक्स परंपरेतील प्रणालींवर ‘एसटीटीवाय’ या आज्ञेने तो बदलता येतो.

तिसऱ्या क्रमांकाचे हे वर्ण आज्ञावलीपर्यंत वर्ण म्हणून पोहोचत नाही. टर्मिनल आणि आज्ञावली यांच्यामध्ये कार्यप्रणालीचा एक थर असतो. आलेल्या प्रत्येक वर्णाची तो तपासणी करतो. व्यत्ययाचे वर्ण दिसताच तो ते काढून घेतो आणि त्याच्या जागी एक ‘संकेत’ निर्माण करतो. युनिक्समध्ये या संकेताचे नाव ‘सिगइंट’ असून त्याचा क्रमांक २ आहे. ‘व्हीआय’सारखे मजकूर-संपादक ही तपासणी तात्पुरती बदलू किंवा बंद करू शकतात, आणि म्हणून अशा आज्ञावलींत कंट्रोल-सीचा अर्थ वेगळा असू शकतो.

सिगइंटचे दोन भाऊबंद पुढे उपयोगी पडणार आहेत. ‘सिगटर्म’ (क्रमांक १५) ही आवरते घेण्याची विनंती आहे. प्रक्रियेला ती ऐकता येते किंवा नाकारता येते. ‘सिगकिल’ (क्रमांक ९) हा अंतिम आदेश आहे. तो अडविता येत नाही, त्याच्याकडे दुर्लक्षही करता येत नाही. हे दोन्ही कळफलकावरून येत नाहीत. एक प्रक्रिया दुसरीला नाव घेऊन ते पाठविते. त्यांचा संबोध्य बहुधा एकवचनी असतो. सिगइंट कळफलकावरून आला की तो अनेकवचनी होतो. हा भेद ध्यानात ठेवावा.

३. युनिक्स परंपरा : गटाला उद्देशून आज्ञा

युनिक्समध्ये प्रत्येक प्रक्रिया कोणत्या ना कोणत्या ‘प्रक्रियागटा’त असते. टर्मिनलपुढे एका वेळी एकच गट असतो. त्याला अग्रस्थ गट म्हणावे. बाकीचे गट पार्श्वस्थ होत. ही व्यवस्था १९८० मध्ये बर्कलीच्या युनिक्स आवृत्तीतून आली आणि १९८८ च्या पॉसिक्स मानकात तिला स्थान मिळाले. लिनक्स व मॅकओएस या दोन्ही प्रणाली तिचेच पालन करतात. नियम असा की, कंट्रोल-सीमुळे निर्माण झालेला सिगइंट अग्रस्थ गटातील प्रत्येक प्रक्रियेला जातो.

हा नियम अकारण नाही. शेलमध्ये एकाची निष्पत्ती दुसऱ्याला, दुसऱ्याची तिसऱ्याला, अशी साखळी जोडून काम करण्याची पद्धत आहे. अशा वेळी वापरणाऱ्याला संपूर्ण साखळी थांबवावयाची असते, तिचा एक दुवा नव्हे. साखळीतील सर्व प्रक्रिया एका गटात ठेवून सर्वांना एकदमच सूचना देणे हा त्यावरील सरळ उपाय होता. तथापि बहुप्रक्रिया आज्ञावलीत स्थिती निराळी असते. ‘फोर्क’ या क्रियेने जन्मलेले अपत्य जनकाच्याच गटात राहते. त्यामुळे आठ अपत्यांच्या आज्ञावलीत कंट्रोल-सी दाबताच नऊ प्रक्रियांना सिगइंट मिळतो. त्यांतील कोणती प्रक्रिया तो प्रथम हाताळील, याची हमी नाही. जनकाला आधी कळवावे आणि तिने अपत्यांना सांगावे, अशी कोणतीही श्रेणी कार्यप्रणाली मानीत नाही. तिच्या दृष्टीने हे नऊ समान श्रोते आहेत.

संकेत आल्यावर प्रक्रियेपुढे तीन मार्ग असतात : ठरलेला परिणाम होऊ देणे, म्हणजे सिगइंटच्या बाबतीत संपून जाणे, संकेताकडे दुर्लक्ष करणे, किंवा त्यासाठी स्वतःचे प्रतिसाद-कार्य नेमणे. ही निवड अपत्याकडे कशी संक्रमित होते, याचे नियम महत्त्वाचे आहेत. फोर्क झाल्यावर अपत्याला जनकाची निवड जशीच्या तशी मिळते. त्यानंतर अपत्याने ‘एक्झेक’ या क्रियेने दुसरी आज्ञावली धारण केली, तर नेमलेले प्रतिसाद-कार्य गळून पडते आणि ठरलेला परिणाम पुन्हा लागू होतो. कारण जुन्या आज्ञावलीतील कार्य नव्या आज्ञावलीत अस्तित्वातच नसते. दुर्लक्षाची निवड मात्र टिकून राहते. गटांची व्यवस्था येण्यापूर्वी शेल याच गुणाचा उपयोग करीत असे. मागे सोडलेले काम कंट्रोल-सीने मरू नये म्हणून शेल त्याला सिगइंटकडे दुर्लक्ष करण्याची निवड देऊनच सुरू करी.

४. विंडोज : कन्सोलवरील घटना

विंडोजमध्ये युनिक्सच्या अर्थाने संकेत नाहीत. तेथे ‘कन्सोल-घटना’ असतात : कंट्रोल-सी, कंट्रोल-ब्रेक, खिडकी बंद होणे, इत्यादी. कंट्रोल-सीची घटना त्या कन्सोलशी जोडलेल्या सर्व प्रक्रियांना मिळते. येथेही आज्ञा अनेकवचनीच आहे. परंतु तीन बाबतींत युनिक्सशी मोठा भेद आहे.

पहिला भेद प्रतिसादाच्या जागेचा. युनिक्समध्ये प्रक्रियेचा कोणता तरी चालू थ्रेड मध्येच अडवून त्याच्याकडून प्रतिसाद-कार्य करून घेतले जाते. त्यामुळे त्या कार्यात फारच थोड्या क्रिया सुरक्षितपणे करता येतात. विंडोजमध्ये या कामासाठी प्रक्रियेत एक नवा थ्रेड निर्माण होतो आणि प्रतिसाद-कार्य त्यात चालते. मूळ काम न थांबता बाजूला चालूच राहते. म्हणून दोन्ही थ्रेडांनी एकच सामग्री एकाच वेळी हाताळू नये, ही काळजी तेथे घ्यावी लागते.

दुसरा भेद निवडून संबोधण्याचा. युनिक्समध्ये जनकाला एखाद्या विशिष्ट अपत्याला सिगइंट पाठविता येतो. विंडोजमध्ये कंट्रोल-सीची घटना एखाद्या निवडक गटापुरती मर्यादित करून पाठविता येत नाही. कंट्रोल-ब्रेकची पाठविता येते. अपत्य नव्या प्रक्रियागटात निर्माण केले, तर त्या गटासाठी कंट्रोल-सी बंदच होते. मग त्याला हळुवारपणे थांबविण्यास कंट्रोल-ब्रेक किंवा आज्ञावलीने स्वतः योजलेला एखादा मार्ग एवढेच उरते.

तिसरा भेद विनंतीच्या अभावाचा. सिगटर्मसारखी ‘आवरते घ्या’ म्हणणारी सर्वसामान्य विनंती विंडोजमध्ये नाही. पायथन भाषेत अपत्य-प्रक्रियेला ‘टर्मिनेट’ करण्याची जी क्रिया आहे, ती युनिक्समध्ये सिगटर्म पाठविते. विंडोजमध्ये तीच क्रिया प्रक्रियेला तत्काळ संपविते. एकच शब्द एका प्रणालीवर विनंतीचा आणि दुसऱ्या प्रणालीवर अंतिम आदेशाचा अर्थ धारण करतो. एका प्रणालीवर तपासलेली आज्ञावली दुसरीवर नेताना होणाऱ्या फसगतीचे हे एक प्रमुख कारण होय.

५. पायथन भाषेतील व्यवहार

भाषाविषयक संशोधनात पायथनचा वापर मोठ्या प्रमाणावर होत असल्याने तिच्यातील व्यवस्था थोडी तपशिलाने पाहणे इष्ट ठरेल. सिगइंट येताच पायथनचा अंतर्भाग केवळ एक खूण करून ठेवतो. खरा प्रतिसाद नंतर, मुख्य थ्रेडमध्ये, दोन सूचनांच्या मधल्या जागेत दिला जातो. हा प्रतिसाद म्हणजे ‘कीबोर्डइंटरप्ट’ नावाचा अपवाद उत्पन्न होणे. मुख्य थ्रेड त्या वेळी सी भाषेत लिहिलेल्या एखाद्या दीर्घ गणितात गुंतलेला असेल, तर ते संपेपर्यंत काहीच घडत नाही. अधीर झालेला मनुष्य पुन्हा कळा दाबतो, आणि दुसरा व्यत्यय नेमका आवराआवरीच्या मध्ये येऊन पडतो.

२००६ मध्ये आलेल्या पायथन २.५ पासून कीबोर्डइंटरप्टला सर्वसाधारण चुकांच्या वर्गातून वेगळे काढण्यात आले. ‘कोणतीही चूक झाल्यास पुढे जा’ अशा सरसकट तरतुदीत मनुष्याची आज्ञा गिळली जाऊ नये, हा त्यामागील हेतू. हेतू योग्यच होता. पण बहुप्रक्रिया कामांसाठीचा ‘मल्टिप्रोसेसिंग’ हा विभाग २००८ मध्ये २.६ या आवृत्तीत आला, तेव्हा या भेदाचा एक परिणाम समोर आला. त्यातील ‘पूल’ या रचनेत अपत्ये एकामागून एक कामे घेतात. कामात सर्वसाधारण चूक झाली, तर अपत्य ती पकडून जनकाला कळविते. कीबोर्डइंटरप्ट मात्र त्या जाळ्यात सापडत नाही. तो बाहेर निसटतो आणि अपत्यच संपते. एक अपत्य कमी झाल्याचे पाहून पूल नवे अपत्य नेमतो. परंतु गेलेल्या अपत्याच्या हातातील काम पुन्हा कोणाला दिले जात नाही. जनक व्यत्यय पचवून निष्पत्तीची वाट पाहत राहिली, तर ती वाट कधीच संपत नाही. ‘आज्ञावली संपतही नाही आणि पुढेही जात नाही’ या आपत्तीचा उलगडा असा होतो.

वाट पाहण्याच्या क्रियेतही प्रणालीनिहाय फरक आहे. पूर्वी मुदत न ठरविता वाट पाहणाऱ्या जनकाला कंट्रोल-सी ऐकूच येत नसे. २०११ च्या पायथन ३.२ मध्ये हा दोष दूर झाला; पण ती सुधारणा पॉसिक्स प्रणालींपुरती होती. विंडोजवरही चालावयाच्या आज्ञावलीत जनकाने अमर्याद वाट न पाहता एकेका सेकंदाच्या मुदतीने वाट पाहावी आणि मधल्या प्रत्येक जागेत व्यत्ययाची दखल घ्यावी, हे उत्तम.

अपत्य निर्माण करण्याची रीतही सर्वत्र एक नाही. विंडोजवर ‘स्पॉन’, म्हणजे अगदी नव्याने प्रक्रिया सुरू करणे, हीच रीत उपलब्ध आहे. मॅकओएसवर २०१९ च्या ३.८ या आवृत्तीपासून तीच रीत गृहीत धरली जाते. लिनक्सवर दीर्घकाळ फोर्क ही गृहीत रीत होती. २०२५ च्या ३.१४ या आवृत्तीपासून तिची जागा ‘फोर्कसर्व्हर’ने घेतली. वारशाचे जे नियम वर सांगितले, त्यांवर विसंबून लिहिलेली आज्ञावली भाषेची आवृत्ती बदलल्याबरोबर वेगळी वागू शकते. म्हणून वारशावर विसंबू नये, हा यातून निघणारा धडा आहे.

६. उपाय : श्रोता एकच असावा

उपायाचे तत्त्व एका वाक्यात सांगता येते. आज्ञा सर्वांना ऐकू येत असली, तरी तिचे उत्तर एकट्या जनकाने द्यावे. अपत्यांनी तिच्याकडे दुर्लक्ष करावे आणि केवळ जनकाचे ऐकावे. पायथनच्या प्रमाण ग्रंथालयातील सहायक प्रक्रिया याच तत्त्वावर रचलेल्या आहेत. फोर्कसर्व्हर आणि सामायिक साधनांचा हिशेब ठेवणारी प्रक्रिया या दोन्ही सिगइंटकडे दुर्लक्ष करतात. त्या मध्येच मेल्या, तर मागे राहिलेल्यांची व्यवस्था पाहणारे कोणी उरणार नाही, हे त्याचे कारण.

व्यवहारात पायऱ्या अशा येतात. प्रत्येक अपत्याने आरंभीच, कोणतेही काम हाती घेण्यापूर्वी, सिगइंटकडे दुर्लक्ष करण्याची निवड करावी. पूलमध्ये यासाठी आरंभ-कार्य देण्याची सोय आहे आणि ती तिन्ही प्रणालींवर चालते. जनकाने व्यत्यय येताच नवे काम वाटणे थांबवावे. नंतर अपत्यांना ठरलेल्या मार्गाने थांबण्यास सांगावे. हा मार्ग म्हणजे कामाच्या रांगेत टाकलेली ‘काम संपले’ अशी खूण असेल, किंवा सर्वांना दिसणारा एखादा ध्वज असेल. अपत्याने दोन कामांच्या मधल्या जागेत ही खूण पाहावी. हातातील काम पुरे करावे किंवा नीट टाकून द्यावे आणि स्वतःहून संपावे. हा मार्ग कार्यप्रणालीच्या संकेतांवर अवलंबून नसल्यामुळे युनिक्स आणि विंडोज यांतील भेद येथे आपोआप मिटतो.

यानंतर जनकाने थांबावे. मराठीत ‘थांबणे’ या क्रियापदाला ‘बंद होणे’ आणि ‘वाट पाहणे’ असे दोन्ही अर्थ आहेत, आणि येथे जनकाने दुसरा अर्थ घ्यावयाचा आहे. सर्व अपत्ये संपेपर्यंत तिने वाट पाहावी. पण ही वाट मर्यादित असावी. ठरलेल्या मुदतीत, समजा दहा सेकंदांत, एखादे अपत्य संपले नाही, तर त्याला टर्मिनेट करावे. तेवढ्यानेही काम झाले नाही, तर युनिक्सवर शेवटी सिगकिल वापरावा. हा क्रम उलटू नये. सामायिक रांगेत लिहीत असताना अपत्याला बळाने संपविले, तर ती रांग बिघडू शकते आणि तिच्यावर अवलंबून असलेली इतर अपत्ये अडकू शकतात. वापरणाऱ्याने पुन्हा कंट्रोल-सी दाबले, तर त्याचा अर्थ ‘आता वाट पाहू नका’ असा घ्यावा आणि सरळ शेवटच्या पायरीवर जावे. मनुष्याची आज्ञा कोणत्याही स्थितीत निष्फळ ठरू नये.

या रचनेचा दुसरा लाभ असा की, आज्ञा कळफलकावरून आली नाही तरीही ती टिकते. सामायिक संगणकांवर कामे बहुधा टर्मिनलशिवाय चालतात. ‘डॉकर’मधील काम थांबविताना मुख्य प्रक्रियेलाच सिगटर्म मिळतो आणि नेहमीच्या मांडणीत दहा सेकंदांनंतर बळाने शेवट केला जातो. येथे आज्ञा एकवचनी आहे. अपत्यांना काहीच ऐकू येत नाही. गटाला मिळणाऱ्या सिगइंटवर विसंबलेली आज्ञावली येथे अपत्यांना अनाथ करते. जनकच एकमेव श्रोता असेल, तर तिने सिगटर्मलाही तेच प्रतिसाद-कार्य जोडले म्हणजे पुरते. पायथन स्वतःहून सिगटर्मसाठी कोणताही प्रतिसाद नेमीत नाही. ही जोडणी केली नाही, तर आवराआवरीच्या तरतुदी न पाळताच प्रक्रिया संपते.

जनकच अकस्मात मेली, तर काय? युनिक्समध्ये अनाथ अपत्यांना बहुधा पहिल्या क्रमांकाची प्रक्रिया दत्तक घेते. पण त्यामुळे त्यांचे काम थांबत नाही. सर्वत्र चालणारा उपाय म्हणजे जनक आणि अपत्य यांच्यामध्ये एक नळी ठेवणे. जनक संपताच नळीचे तिच्याकडील टोक बंद होते आणि अपत्याला ते कळते. मात्र ते टोक अन्य कोणत्याही प्रक्रियेकडे उघडे राहिलेले नसावे. विंडोजमध्ये ‘जॉब’ या रचनेत सर्व प्रक्रिया ठेवून, ती बंद होताच सर्वांचा शेवट व्हावा, अशी अट घालता येते.

७. परक्या आज्ञावलींना कामाला लावताना

कधी अपत्य म्हणजे आपलीच आज्ञावली नसून पद-व्याकरणाच्या खुणा करणारे किंवा ध्वनिफितींचे रूपांतर करणारे एखादे तयार साधन असते. त्याला दुर्लक्षाची निवड शिकविणे आपल्या हाती नसते. त्याला वेगळ्या सत्रात किंवा वेगळ्या गटात सुरू केले, तर कंट्रोल-सी त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. मात्र त्या क्षणापासून त्याला थांबविण्याची संपूर्ण जबाबदारी जनकावर येते. त्याला गटातच ठेवले, तर ते बहुधा स्वतःहून आवरते घेते, पण त्यासाठी त्याला अवकाश द्यावा लागतो. पायथनच्या ‘सबप्रोसेस’ विभागात २०१८ च्या ३.७ या आवृत्तीपासून अशा अपत्यासाठी व्यत्ययानंतर पाव सेकंद थांबण्याची सोय आहे. मोठी फाइल बंद करावयास याहून अधिक वेळ लागणार असेल, तर मुदत आपण स्वतः वाढवावी.

८. शेवट कसा झाला, हे सांगण्याची जबाबदारी

थांबणे जितके महत्त्वाचे, तितकेच आपण कसे थांबलो हे सांगणे महत्त्वाचे आहे. सिगइंटने संपलेल्या कामासाठी शेल १३० हा क्रमांक दाखविते. तो १२८ आणि २ यांची बेरीज होय. व्यत्यय पकडून, आवराआवर करून आज्ञावली शून्य क्रमांकाने संपली, तर तिला चालविणारी दुसरी आज्ञावली ‘काम यशस्वी झाले’ असाच अर्थ घेते आणि पुढील पायरीकडे जाते. युनिक्समध्ये योग्य शिष्टाचार असा की, आवराआवर झाल्यावर सिगइंटचा ठरलेला परिणाम पुन्हा लागू करावा आणि तोच संकेत स्वतःला पाठवून संपावे. म्हणजे बाहेरच्या शेलला खरे कारण कळते आणि तीही आपले पुढचे काम थांबविते.

निष्पत्तीच्या फाइलीबाबतही हेच. अंतिम नावाची फाइल काम पूर्ण होण्यापूर्वी अस्तित्वातच येऊ नये. तात्पुरत्या नावाने लिहावे आणि सर्व अपत्यांचे वाटे आले, याची मोजणी झाल्यावरच नाव बदलावे. पॉसिक्स प्रणालींवर एकाच फाइल-व्यवस्थेत हे नाव बदलणे अखंड असते. अर्धवट स्थिती कोणालाही दिसत नाही. व्यत्ययाच्या वेळी जमलेल्या बेरजा जपून ठेवावयाच्या असतील, तर त्या वेगळ्या नावाने, कोणते वाटे आले आणि कोणते नाहीत याच्या नोंदीसह ठेवाव्यात. पहिल्या विभागातील चौथ्या आपत्तीला एवढ्याने आळा बसतो.

तपासणी करताना एक चूक टाळावी. दुसऱ्या खिडकीतून ‘किल’ या आज्ञेने जनकाला सिगइंट पाठविणे आणि कळफलकावर कंट्रोल-सी दाबणे या दोन कृती समान नाहीत. पहिलीत श्रोता एक असतो, दुसरीत संपूर्ण गट. दोन्ही प्रकारांनी तपासणी करावी. आरंभी, मध्यावर आणि निष्पत्ती लिहिली जात असताना, अशा तीन वेळी व्यत्यय आणून पाहावे. प्रत्येक वेळी मागे एकही प्रक्रिया राहिली नाही आणि अंतिम नावाची अपुरी फाइल निर्माण झाली नाही, याची खात्री करून घ्यावी.

९. समारोप

कळफलक-व्यत्यय ही वरकरणी अगदी लहान बाब आहे. तथापि तिच्यात बोलणाऱ्याचा हेतू आणि माध्यमाने केलेला अर्थ यांत अंतर पडते. मनुष्य एकाला बोलतो. युनिक्स ते गटाला ऐकविते, विंडोज कन्सोलवरील सर्वांना ऐकविते, आणि टर्मिनलविना चाललेल्या कामात ते केवळ जनकाच्याच कानी पडते. हे अंतर कार्यप्रणाली मिटवीत नाही. ते आज्ञावलीच्या लेखकानेच मिटवावयाचे असते. एक श्रोता, मर्यादित प्रतीक्षा, प्रामाणिक अंतिम क्रमांक आणि पूर्ण झाल्यावरच नाव धारण करणारी फाइल, या चार गोष्टी पाळल्या, तर आज्ञा कोणत्याही मार्गाने आली तरी काम नीट थांबते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, थांबलेले काम पूर्ण झालेल्या कामाच्या रूपाने संशोधकाच्या हाती पडत नाही.